'मुळे', 'म्हणून' आणि 'कारण' : इंग्रजीत कार्यकारण नीट लिहायचं कसं

"ड्यू टू इट वॉज रेनिंग, हार्वेस्टिंग वॉज स्टॉप्ड." दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाऊसमधून परदेशी खरेदीदाराला जाणाऱ्या मेलमध्ये असं वाक्य सहज उतरतं. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीतल्या रिजेक्शन रिपोर्टमध्ये पावसाच्या जागी मशीन येतं, बारावीच्या उत्तरपत्रिकेत आणखी काही येतं, पण चूक तीच असते. शब्द कमी पडतात म्हणून ती होते असं नाही. 'ड्यू टू' म्हणजे 'मुळे', हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. घोटाळा त्या 'मुळे'तच आहे.

'ल्यामुळे' दिसलं की थांबा

मराठीत आपण 'पावसामुळे' म्हणतो आणि 'पाऊस पडल्यामुळे'ही म्हणतो. पहिल्यात 'मुळे' नामाला चिकटलं, दुसऱ्यात क्रियेला. आपल्या भाषेला दोन्ही चालतं, म्हणून फरक जाणवतच नाही. इंग्रजीत ही दोन कामं दोन वेगळ्या घराण्यांकडे दिलेली आहेत. नामाच्या आधी येणारे शब्दसमूह म्हणजे बिकॉज ऑफ, ड्यू टू, ओइंग टू, ऑन अकाउंट ऑफ, ॲज अ रिझल्ट ऑफ, थँक्स टू. कर्ता आणि क्रियापद असलेलं पुरं वाक्य मागे घेऊन येणारे शब्द म्हणजे बिकॉज, सिन्स आणि ॲज.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. मनात मराठी वाक्य म्हणा आणि 'मुळे'च्या लगेच आधी काय आलं ते ऐका. 'गारपिटीमुळे', 'संपामुळे', 'उशिरामुळे' असं ऐकू आलं तर पहिलं घराणं: बिकॉज ऑफ द हेलस्टॉर्म, ड्यू टू द स्ट्राइक. 'पडल्यामुळे', 'झाल्यामुळे', 'नसल्यामुळे' असं 'ल्यामुळे' ऐकू आलं तर दुसरं घराणं, आणि मग कर्ता व काळ दोन्ही लिहावेच लागतात. मराठी 'ल्यामुळे'त काळ सैल असतो. 'पाऊस पडत असल्यामुळे' असेल तर बिकॉज इट वॉज रेनिंग, 'पाऊस पडून गेल्यामुळे' असेल तर बिकॉज इट हॅड रेन्ड. हा निर्णय इंग्रजीत टाळता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या वाक्याची दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते:

"हार्वेस्टिंग वॉज स्टॉप्ड बिकॉज इट वॉज रेनिंग."
"हार्वेस्टिंग वॉज स्टॉप्ड बिकॉज ऑफ रेन."

तिसरी एक पळवाट लोक काढतात, 'ड्यू टू द फॅक्ट दॅट इट वॉज रेनिंग'. व्याकरणाने ती बरोबर आहे, पण एका 'बिकॉज'चं काम तिथे पाच शब्द करतात. रिपोर्टमध्ये ती दिसली की पाचही खोडून 'बिकॉज' लिहा, अर्थामध्ये तसूभरही फरक पडत नाही.

ड्यू टू, ओइंग टू आणि लीड टू यांतला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा 'टू' नव्हे. तो 'ला', 'कडे' या जातीचा आहे, म्हणून त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजी लागलेलं रूप हवं. पिकलेल्या द्राक्षावर पाऊस पडला की मणी पाणी शोषतो, सालीवर ताण येतो आणि मणी तडकतो. हे लिहिताना "रेन लेड टू द बेरीज क्रॅक" असं होतं. बरोबर रूप "रेन लेड टू क्रॅकिंग ऑफ द बेरीज". तेच 'कॉज'ने लिहायचं तर "रेन कॉज्ड द बेरीज टू क्रॅक" आणि 'मेक'ने लिहायचं तर "रेन मेड द बेरीज क्रॅक". कॉजनंतर टू येतो, मेकनंतर येत नाही. ही तीन वाक्यं एकाखाली एक वहीत उतरवून ठेवा, पाठ करण्यासारखी आहेत.

ड्यू टू आणि बिकॉज ऑफ यांत जुने, कडक शिक्षक एक फरक करतात. 'ड्यू' म्हणजे मुळात 'देणं लागणारं', म्हणजे विशेषण. त्यामुळे ते नामाचं वर्णन करताना बसतं: "द डिले वॉज ड्यू टू रेन." वाक्याच्या सुरुवातीला 'ड्यू टू रेन, ...' लिहिलेलं त्यांना खटकतं. आजच्या इंग्रजीत ते सर्रास चालतं आणि व्यवहारात कुणी अडवणार नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र सुरुवातीला 'बिकॉज ऑफ' किंवा 'ओइंग टू' ठेवा, शंकेला जागाच उरत नाही.

थँक्स टू जपून वापरा. मराठीत 'तुमच्यामुळे' चांगल्या-वाईट दोन्हीला चालतं. थँक्स टू चांगल्या फळासाठी आहे. "थँक्स टू युवर क्यूसी टीम, द कंटेनर वॉज रिजेक्टेड" हे वाचणाऱ्याला (क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी) टोमणा वाटेल, आणि तुम्ही तर साधी माहिती देत होता.

एका दाराला एकच बिजागरी

सरकारी आदेशात 'ज्याअर्थी' आलं की 'त्याअर्थी' येतंच. आपल्या बोलण्यातही 'कारण अमुक झालं, म्हणून तमुक झालं' अशी जोडी सहज येते, आणि मराठीत ती शोभतेही. हीच सवय इंग्रजीत आली की "सिन्स द बॉक्सेस वेअर डॅम्प, सो वुई रिपॅक्ड देम" असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत कारणाच्या बाजूला शब्द लावला की परिणामाची बाजू मोकळी सोडायची. "सिन्स द बॉक्सेस वेअर डॅम्प, वुई रिपॅक्ड देम." किंवा "द बॉक्सेस वेअर डॅम्प, सो वुई रिपॅक्ड देम." बिकॉज, सिन्स किंवा ॲजने वाक्य सुरू झालं असेल तर स्वल्पविरामानंतरचा सो किंवा देअरफोर खोडा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे "द रीझन इज बिकॉज". 'रीझन'मध्येच कारण आलं आहे. "द रीझन इज दॅट द पंप फेल्ड" लिहा, किंवा 'रीझन' काढून सरळ "द पंप फेल्ड" म्हणा. आणखी एक: मराठीत कशाचंही 'कारण' असतं. इंग्रजीत घटनेचं कॉज, माणसाच्या निर्णयाचं रीझन. कॉजपुढे 'ऑफ' आणि रीझनपुढे 'फॉर' येतं. द कॉज ऑफ द फायर, द रीझन फॉर द ऑर्डर. 'रीझन ऑफ' ही चूक अर्जांमध्ये सगळ्यात जास्त दिसते.

सिन्स आणि ॲज यांचा दुसरा अर्थ काळाचा आहे: सिन्स म्हणजे 'पासून', ॲज म्हणजे 'होत असताना'. "ॲज द टेम्परेचर रोज, द फॅन स्टॉप्ड" यात तापमान वाढलं म्हणून पंखा थांबला की वाढत असताना थांबला? तांत्रिक लिखाणात असा संशय परवडत नाही. शंका आली की बिकॉज लिहा. तो साधा शब्द आहे म्हणून कमी दर्जाचा, हा गैरसमज काढून टाका. बिकॉजने वाक्य सुरू करू नये, हाही नियम नव्हे. चूक होते ती त्याला एकट्याला सोडल्यावर: "वुई मिस्ड द व्हेसल. बिकॉज द ट्रक वॉज लेट." इथला पहिला पूर्णविराम काढला की काम झालं.

विरामचिन्हांचं गणित

सो आणि देअरफोर अर्थाने जवळ आहेत, पण इंग्रजी वाक्यात त्यांचं बळ वेगळं आहे. सो दोन वाक्यं जोडू शकतो, त्याच्याआधी स्वल्पविराम पुरतो. देअरफोर, हेन्स, दस, कॉन्सिक्वेन्टली आणि ॲज अ रिझल्ट यांना ती ताकद नाही. ती क्रियाविशेषणं आहेत. "द मोल्ड वॉज क्रॅक्ड, देअरफोर द पार्ट्स वेअर रिजेक्टेड" इथे स्वल्पविराम अपुरा पडतो. त्याच्या जागी अर्धविराम द्या, किंवा पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा, किंवा मध्ये 'अँड' घाला. देअरफोर नव्या वाक्याच्या सुरुवातीला आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या.

हेन्सबद्दल थोडं. आपल्या कार्यालयीन मराठीतला 'सबब' इंग्रजीत शिरताना हेन्सचा वेष घेतो, म्हणून अर्जातला प्रत्येक दुसरा परिच्छेद हेन्सने सुरू होतो. हेन्सचा मूळ अर्थ 'इथून'. त्याची खरी खुबी अशी की त्याच्यापुढे क्रियापदाशिवाय नुसतं नामही चालतं: "द बेअरिंग सीझ्ड, हेन्स द नॉइज." हे देअरफोरला जमत नाही. बाकी ठिकाणी, विशेषतः ईमेलमध्ये, सो पुरेसा आहे.

नकार आणि बिकॉज

इथे सावकाश जायला हवं, कारण इथली चूक व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही सापडत नाही. हे वाक्य पाहा:

"वुई डिड नॉट स्प्रे बिकॉज इट रेन्ड."

याचे दोन अर्थ होतात. एक, पाऊस पडला म्हणून आम्ही फवारणी केली नाही. दोन, आम्ही फवारणी केली, पण ती पाऊस पडला म्हणून नव्हे. द्राक्षबागेत दुसरा अर्थही अगदी शक्य आहे. पाऊस झाला, पानं ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, म्हणून पावसानंतर फवारणी करणारे बागायतदार भरपूर आहेत. निर्यातीच्या मालात औषधांचे अंश ठरलेल्या मर्यादेत आहेत का हे तपासलं जातं, तेव्हा फवारणी झाली की नाही याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात दोन अर्थ राहणं फार महागात पडू शकतं.

मराठीत हा गोंधळ होत नाही, कारण आपला नकार जागा बदलतो: 'म्हणून केली नाही' आणि 'म्हणून केली असं नाही'. इंग्रजीत 'नॉट' दोन्ही वेळा एकाच जागी बसतो. उपाय साधा आहे. पहिला अर्थ हवा असेल तर कारण पुढे आणा: "बिकॉज इट रेन्ड, वुई डिड नॉट स्प्रे." दुसरा हवा असेल तर 'नॉट' बिकॉजला चिकटवा: "वुई स्प्रेड, बट नॉट बिकॉज इट रेन्ड." बिकॉजच्या आधी स्वल्पविराम दिला तरी पहिला अर्थ निघतो, पण एका स्वल्पविरामाच्या भरवशावर एवढी मोठी गोष्ट ठेवू नये. 'नॉट' आणि 'बिकॉज' एका वाक्यात आले की ते वाक्य थांबून पुन्हा वाचा.

कारण की खूण?

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पुराचा अंदाज होतो. आता हे वाक्य: "द वॉटर हॅज रीच्ड द मारुतीज चेस्ट, सो द फ्लड इज सिव्हिअर." वाक्य बरोबर आहे. पण पाणी मारुतीच्या छातीला लागलं म्हणून पूर मोठा झाला, असं कुणी म्हणणार नाही. ते पुराचं कारण नसून पुराची खूण आहे. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी हे कारण.

सो आणि देअरफोर कारणालाही चालतात आणि खुणेवरून काढलेल्या अनुमानालाही. ॲज अ रिझल्ट आणि कॉन्सिक्वेन्टली फक्त कारणाला चालतात. वरच्या वाक्यात सोच्या जागी ॲज अ रिझल्ट टाकलं तर मारुतीनेच पूर आणला असा अर्थ होईल. मराठीत तपासायचं असेल तर 'त्यामुळे' आणि 'त्याअर्थी' आलटून पालटून लावून बघा. 'त्यामुळे' बसलं तर कारण, फक्त 'त्याअर्थी' बसलं तर खूण. कारखान्यातल्या रिपोर्टमध्ये ही गल्लत वारंवार होते. गेजवर, म्हणजे मापयंत्रावर, बोअरचं (भोकाचं) माप जास्त दिसणं ही खूण आहे, टूल झिजणं हे कारण आहे. "द गेज रीडिंग वॉज हाय, ॲज अ रिझल्ट, द बोअर वॉज ओव्हरसाइज" असं लिहिलं की वाचणारा गेजमध्येच दोष शोधायला लागतो.

उलटी दिशा आणि 'इतकं की'

रिझल्ट इन आणि रिझल्ट फ्रॉम यांत फक्त बाण उलटा होतो. कारण, रिझल्टेड इन, परिणाम. परिणाम, रिझल्टेड फ्रॉम, कारण. "द रिलीज फ्रॉम द डॅम रिझल्टेड इन फ्लडिंग ॲट रामकुंड." "द फ्लडिंग ॲट रामकुंड रिझल्टेड फ्रॉम द रिलीज." फ्रॉम म्हणजे 'पासून', एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सो दॅट जोडून आला की बहुधा हेतू, सो आणि दॅट यांच्या मध्ये विशेषण आलं की परिणाम. थंडीच्या दिवसांत हिरव्या द्राक्षांत गुलाबी मणी येऊ नयेत म्हणून घडांना कागद लावतात: "वुई कव्हर्ड द बंचेस विथ पेपर सो दॅट द बेरीज वुड स्टे ग्रीन." हा हेतू, म्हणून वुड. आणि निफाडची थंडी वाढली: "द नाइट्स वेअर सो कोल्ड दॅट द बेरीज टर्न्ड पिंक." हा परिणाम, म्हणून साधा भूतकाळ. विशेषणाबरोबर नामही आलं तर सोऐवजी सच: "सच कोल्ड नाइट्स दॅट". 'सो कोल्ड नाइट्स' चालत नाही.

अफेक्ट हे क्रियापद आणि इफेक्ट हे नाम, एवढं धरून ठेवा. 'च्यावर परिणाम झाला' यातला 'वर' फक्त नामाबरोबर येतो: हॅड ॲन इफेक्ट ऑन द यील्ड, पण अफेक्टेड द यील्ड. 'अफेक्टेड ऑन' नाही.

दावा किती ठाम करायचा

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी केली. त्यानंतर लासलगावच्या बाजारात भाव उतरले. हे इंग्रजीत मांडताना पायऱ्या आहेत. "प्राइसेस फेल आफ्टर द बॅन" यात फक्त क्रम आहे. "द बॅन कॉन्ट्रिब्यूटेड टू द फॉल" यात ते अनेक कारणांपैकी एक ठरतं, कारण नव्या लाल कांद्याची आवकही त्याच दिवसांत वाढत असते. "द बॅन कॉज्ड द फॉल" यात तुम्ही सगळा भार एकाच कारणावर टाकता. आकडे हातात असतील तितकंच वर चढा. तपासणी चालू असेल तर मे हॅव कॉज्ड लिहा, पूर्ण झाली की कॉज्ड. प्रत्येक ओळीत मे आणि माइट पेरत गेलात तर मात्र वाचणारा तुमच्या खात्रीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

पॅकहाऊसमधून गेलेल्या मेलचा हा नमुना:

"ऑन ट्यूसडे ड्यू टू पॉवर वॉज ऑफ, सो प्री-कूलिंग वॉज स्टार्टेड लेट. हेन्स स्टेम्स बिकेम ड्राय. द रीझन इज बिकॉज ग्रेप्स वेअर हॉट. देअरफोर क्वालिटी इज इफेक्टेड."

चार वाक्यांत पाच जोडशब्द आहेत आणि तरी साखळी लागत नाही, कारण तिसरं वाक्य मागे जातं. आधी घटना मराठीत क्रमाने मांडा: वीज गेली, प्री-कूलिंग (तोडलेला माल आधी थंड करणं) लांबलं, द्राक्षं गरम राहिली, देठ सुकले. तोडलेल्या घडातून पाणी उडत राहतं आणि देठ आधी सुकून तपकिरी होतो, म्हणून मधली 'गरम राहिली' ही कडी गाळता येत नाही. आता कुठल्या जोडाला खरंच शब्द लागतो ते बघा. पहिला जोड क्रियापदच उचलू शकतं:

"अ पॉवर कट ऑन ट्यूसडे डिलेड प्री-कूलिंग बाय सिक्स अवर्स. द ग्रेप्स स्टेड वॉर्म, अँड ॲज अ रिझल्ट द स्टेम्स ड्राइड आउट. द बेरीज देमसेल्व्ह्ज वेअर नॉट अफेक्टेड."

पाचांच्या जागी एकच जोडशब्द उरला. 'डिलेड'मध्येच कारण सामावलं आहे. तशी क्रियापदं हाताशी ठेवा: डिले, प्रिव्हेंट, डॅमेज, ट्रिगर, रेज, रिड्यूस. उशीर किती तासांचा हे आलं, आणि क्वालिटी या मोघम शब्दाऐवजी देठ व मणी वेगळे झाले. खरेदीदाराला हवं असतं ते नेमकं हेच. साधारण शंभर शब्दांच्या परिच्छेदात दोन-तीन जोडशब्द पुरतात. त्याहून जास्त झाले तर बहुतेक वेळा घटनांचा क्रम चुकलेला असतो. 'धिस लेड टू' लिहिताना धिसपुढे नाम जोडा, धिस डिले, धिस लीकेज. नुसता धिस कुठल्या वाक्याकडे बोट दाखवतो हे वाचणाऱ्याला शोधावं लागतं.

फाइव्ह व्हायची साखळी

टोयोटाच्या कार्यपद्धतीतून आलेली फाइव्ह व्हायची रीत, म्हणजे साधारण पाच वेळा 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जाणं, वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या नाशिकच्या कारखान्यांत रोजची आहे. बोअर मोठा झाला. का? टूल झिजलं होतं. का? ठरलेल्या नगसंख्येला बदललं नाही. का? शिफ्ट बदलताना काउंटर रीसेट झाला नाही. का? हँडओव्हरच्या चेकलिस्टमध्ये ती ओळच नव्हती. तक्त्यात प्रत्येक उत्तर बिकॉजने सुरू केलं तरी चालतं, तिथे ती अर्धी वाक्यं चूक ठरत नाहीत. पण तेच उचलून रिपोर्टच्या परिच्छेदात चिकटवू नका. तिथे खालून वर लिहा: "द हँडओव्हर चेकलिस्ट डिड नॉट इन्क्लूड अ काउंटर रीसेट, सो द काउंटर वॉज नॉट रीसेट ॲट शिफ्ट चेंज. द टूल रॅन पास्ट इट्स लिमिट, अँड द वर्न टूल कट द बोअर ओव्हरसाइज."

पाठवण्याआधी ती साखळी मराठीत खालून वर म्हणून बघा, प्रत्येक पायरीला 'म्हणून' लावून. चेकलिस्टमध्ये ओळ नव्हती म्हणून काउंटर रीसेट झाला नाही, म्हणून टूल वेळेत बदललं गेलं नाही, म्हणून ते झिजलं, म्हणून बोअर मोठा झाला. जिथे 'म्हणून' म्हणताना जीभ अडखळेल तिथे एक कडी गाळली गेली आहे, किंवा कारणाच्या जागी खूण लिहिली गेली आहे.